लोकर, नाणी आणि मानकुराद

म्हापसा

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज अगदीच पडलेला होता. "मॅडम शिकवत नाहीत, नुसते खेळ घेतात," असं तुझ्या जीवशास्त्राच्या वर्गातल्या मुलांनी लिहून दिलं म्हणून तू सोमवारपासून पुन्हा नोट्स सांगणार आहेस. तेवढं करू नकोस, बाय.

मी तीस वर्षं नोट्स सांगितल्या. निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा पहिल्यांदा बाकांवर लोकर वाटली. तांबडी आईकडची, निळी बापाकडची. प्रत्येक गुणसूत्राचे दोन क्रोमॅटिड, म्हणजे दोन धागे, एका मण्यात ओवलेले. म्हटलं, मिऑसिस करून दाखवा, म्हणजे बीजपेशी तयार होताना पेशीचं लागोपाठ दोनदा होणारं विभाजन. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी पहिल्याच विभाजनात मणी काढून धागे सुटे करायला लागली. शेजारणीने तिचा हात धरला. "अगो, आधी तांबडं-निळं वेगळं होतं ना? हे दुसऱ्या खेपेला." दोघी पाच मिनिटं भांडल्या. मी तोंड मिटून उभी होते, आणि ते मला फार जड गेलं. हीच आकृती तिने परीक्षेत बिनचूक काढली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. इतक्या वर्षांत असे किती जण पास होऊन गेले असतील?

मुलांची तक्रार खोटी नाही. त्यांना खरंच तसं वाटतं. 2019 साली हार्वर्डच्या पदार्थविज्ञानाच्या वर्गांत हेच दिसलं: स्वतः गणितं सोडवणाऱ्यांना चाचणीत जास्त गुण पडले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. चांगलं व्याख्यान ऐकलं की सगळं समजल्यासारखं वाटतं. हे मुलांना उघड सांग. शिवाय 2014 साली विज्ञान-अभियांत्रिकीच्या 225 अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला, त्यात नुसत्या व्याख्यानाला सुमारे 34 टक्के नापास, मुलांना कामाला लावलं तिथे 22. तेही सांग.

तुझं चुकलं ते एकच. नाणी उडवायला दिलीस, पण आधी अंदाज लिहून घेतला नाहीस. दोन नाणी म्हणजे आईकडून आणि बापाकडून येणारा एकेक गुण; ती सोळा वेळा उडवली तर दोन्ही काटे किती वेळा? सगळे चार लिहितील. कुणाला एक येईल, कुणाला सात. मग फळ्यावर पूर्ण वर्गाची बेरीज कर, आणि तेव्हाच वाटाण्यावर आनुवंशिकतेचे प्रयोग करणाऱ्या मेंडेलचे आकडे लिही: 5474 गोल दाणे, 1850 सुरकुतलेले, म्हणजे चारांत साधारण एक. त्याने एवढे का मोजले ते मग सांगावं लागत नाही.

आणि आपल्या परसातला प्रश्न विचार: मानकुराद आंब्याची कोय पुरली तर मानकुरादच लागेल का? कलम म्हणजे त्याच झाडाची फांदी, कोय म्हणजे नवा संकर. प्रत्येकाच्या घरी कोयीचं एखादं आंबट झाड असतंच, मुलं बोलल्याशिवाय राहायची नाहीत.

लोकर कपाटात जपून ठेवली आहे. चवथीला येशील तेव्हा घेऊन जा. थोडे मणी हरवलेत, ते शुक्रवारच्या बाजारातून आणून ठेवते.

तुझी,
आई