कार्डचा तपशील कुठून गेला, हेही शोधा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन फसवणुकीच्या बातमीखाली ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ हे वाक्य ठरलेलं असतं. मी तो सांगितला नव्हता, कुठल्या अनोळखी लिंकवरही गेले नव्हते. तरी माझ्या कार्डावर मी न केलेली खरेदी झाली. आधी अगदी किरकोळ रकमेची, बहुधा कार्ड चालतं का ते पाहायला. अर्ध्या तासाने मोठी. बँकेने कार्ड लगेच बंद केलं, पण दर फोनला पहिला प्रश्न तोच: “तुम्ही कुणाला काही सांगितलंत का?” हा प्रश्न मला फार लागला. म्हणून मीच माग काढायला बसले.

कार्ड नवं होतं. एकाच ऑनलाइन दुकानात, एकदाच वापरलेलं. दुकानाने कळवलं, की आम्ही कार्डचा तपशील साठवतच नाही. ते खरंही असेल. कार्डमागचे तीन आकडे, म्हणजे सीव्हीव्ही, व्यवहार मंजूर झाल्यावर साठवायला पीसीआय डीएसएस या कार्ड व्यवहारांच्या सुरक्षा नियमावलीनुसार दुकानदाराला मनाईच आहे. पण बँकेच्या नोंदीत चोराने सीव्हीव्ही पहिल्याच प्रयत्नात बरोबर भरलेला होता. क्रमांक अंदाजाने जुळवणारे चोर असतात (सुरुवातीचे आकडे बँकेवरून ठरतात, शेवटचा गणिताने निघतो, शोधायचे उरतात मधलेच), पण क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही तिन्ही एका दमात जुळणं जवळजवळ अशक्य. म्हणजे चोरी झाली ती मी आकडे टाइप करत असताना. संगणक जाणकाराकडून तपासून घेतला, त्यात काही निघालं नाही. उरलं दुकानाचं पेमेंटचं पान.

असं घडतं, आणि मोठमोठ्यांकडे घडलं आहे. २०१८मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावर चोरांनी जेमतेम २२ ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे पानात चालणारा छोटा प्रोग्रॅम, घुसवली होती. २१ ऑगस्ट ते ५ सप्टेंबरपर्यंत प्रवाशांनी भरलेला तपशील कंपनीकडे जात होता आणि त्याच क्षणी चोरांकडेही. तिकिटं नीट मिळत होती, त्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. पुढे २०२०मध्ये कंपनीला २ कोटी पौंडांचा दंड झाला. ब्राउझरमध्ये संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी दिसणारं कुलूप इथे उपयोगाचं नाही. ते वाटेतला मजकूर झाकतं. ही स्क्रिप्ट पानातच बसून, मजकूर झाकला जाण्याआधी तो वाचते. शिवाय चॅट, जाहिराती, ग्राहकांची मोजदाद यांच्या स्क्रिप्ट दुकानं बाहेरून आणतात. त्यांतली एक बिघडवली तरी पुरतं. २०१८मध्येच तिकिटं विकणाऱ्या तिकीटमास्टर कंपनीच्या ग्राहकांचा तपशील गेला तो बाहेरून घेतलेल्या चॅटच्या स्क्रिप्टमधूनच.

माझ्या एकटीच्या कार्डावरून दुकानाचा दोष सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. ते बँकच करू शकते. गैरवापर झालेली कार्डं त्याआधी कुठे कुठे वापरली गेली हे ताडून पाहिलं, की सगळ्यांत समान असलेलं दुकान वर येतं. तपासाची ही पद्धत जुनी आहे. पण मी भरलेल्या तक्रार अर्जात ‘कार्ड यापूर्वी कुठे वापरलं’ असा रकानाच नव्हता. तो हवा. आणि दुकानातून गळती झाल्याचं निघालं, तर तिथल्या प्रत्येक ग्राहकाला कळवणं बंधनकारक हवं.

दुकानाचं नाव, खरेदीची तारीख आणि वेळ मी बँकेला लेखी दिली आहे. त्याच दिवसांत तिथे कार्ड वापरलेल्या इतरांना मात्र अजून कुणी काही विचारलेलं किंवा सांगितलेलं दिसत नाही.

आपली,
एक वाचक