डाएटिशियन ताई, उपासाचं सांभाळून दिलंत, थँक्यू!

ताई, ओपीडीत तुमच्यापुढे कायम गर्दी, तिथे धड बोलणं होत नाही म्हणून इथेच लिहिते.

गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजनासाठी पोट छोटं करायचं ऑपरेशन, झाल्यावर मी उपासाचं ज्याला विचारलं तो एकतर 'आता उपासबिपास बंद' म्हणायचा नाहीतर 'देवीला काळजी'. तुम्ही आधी विचारलंत की घरात कुठले कुठले उपास असतात, आणि मग एकेक घेऊन बसलात. निर्जळी मात्र चक्क नाही म्हणालात, कारण पोट आता एवढंसं, दिवसभराचं पाणी रात्री एकदम पिऊन भरून निघत नाही, दीड-दोन लिटर घोट घोट करत दिवसभरच जायला हवं. मग हरतालिकेला पूजा केली, कथा वाचली, जागरण पण केलं, पाणी पीत पीत.

साबुदाण्यावरून आमच्याकडे जे महाभारत झालं ते विचारू नका! जवळजवळ नुसता स्टार्च, प्रोटीन नावाला, वर चिकट. त्याऐवजी दही, पनीर, शेंगदाण्याची आमटी आणि चमचाभर भगर, पण आधी प्रोटीन मग बाकीचं, आणि दिवसाचे साठ ग्रॅम प्रोटीन उपासालाही चुकवायचे नाहीत. व्हे पावडर, म्हणजे ती प्रोटीनची, उपासाला चालते का यावर बराच खल झाला, शेवटी सासूबाईच म्हणाल्या दुधाचीच ना ती, मग चालते. गुळाचे लाडू, खजूर बंद, कारण गोड झटकन आतड्यात उतरलं की डंपिंग, म्हणजे घाम, धडधड.

गोळ्यांचं तर तुम्ही सासूबाईंना स्वतः फोनवर समजावलंत, तेही ड्युटी संपल्यावर. बी१२, आयर्न, कॅल्शियम बायपासनंतर अन्नातून पुरेसं शोषलं जात नाही, म्हणून उपासालाही गोळ्या हव्यातच, फक्त आयर्न आणि कॅल्शियममध्ये दोन तास सोडायचे. औषधाने उपास मोडत नाही हे त्यांना तुमच्याकडून ऐकायचं होतं बहुतेक, मी सांगून थकले होते.

नवरात्रात ऑक्टोबर हीटमध्ये महालक्ष्मीच्या रांगेत पाण्याची बाटली घेऊन उभी होते. चक्कर आली, लघवी गडद झाली, उलट्या थांबेनात तर उपास तिथेच सोडायचा आणि तुम्हाला कळवायचं, हे तुम्ही आमच्या ह्यांच्याकडून वदवून घेतलेलं, त्यामुळे ते रांगभर विचारत होते चक्कर येतेय का. यांना काहीतरी सांगा प्लीज.

आणि सासूबाई विचारतायत, त्यांची शुगर आणि संकष्टी यांचं पण एकदा बघाल का?