पाइपाच्या दुसऱ्या टोकाला माझे माहेर आहे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सेप्टिक टँक बंद करून प्रत्येक घराने शहराच्या ड्रेनेजला जोडून घ्यावे, अशी सक्ती करावी की करू नये, यावर आमच्या गल्लीत गेला महिनाभर वाद चालू आहे. नळावर तोच विषय, भिशीलाही तोच. मी बेळगावच्या वडगावात विणकराच्या घरात सून म्हणून आले त्याला 31 वर्षे झाली. घरात दोन यंत्रमाग आहेत. कांड्या भरण्यापासून साडीची घडी घालण्यापर्यंत सगळे हाताखालून गेले आहे. टाकी भरली की घराचे काय होते हे मी पाहिले आहे आणि ड्रेनेजची जोडणीही उभी राहून करून घेतली आहे. म्हणून हे पत्र.

सक्ती करा, असेच माझे मत आहे. ते का झाले ते आधी सांगते.

आमची टाकी सासऱ्यांनी 1987 साली बांधली. गल्लीतली ती पहिली, त्याचा त्यांना मोठा अभिमान होता. समोर ओटा, मग मागाची खोली, मग स्वयंपाकघर आणि मागे परड्यात आड, संडास, टाकी, अशी आमच्याकडच्या बहुतेक घरांची मांडणी. टाकीवरच्या फरशीवर आम्ही कपडे धूत असू. आत काय चालले आहे याचा विचार कुणी केला नाही. टाकी म्हणजे एकदा बांधली की जन्माचे काम झाले, असेच सगळे समजत होते. खरे तर तिच्यात गाळ खाली बसतो, वर साय धरते आणि मधले पाणी शोषखड्ड्यात जाते. ते पाणी दिसायला पातळ असले तरी शुद्ध नसते, रोगजंतू त्यात असतातच. दर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावा लागतो, नाहीतर गाळ वर चढत जातो, पाण्याला थांबायला जागा उरत नाही आणि मैला तसाच पुढे सरकतो. आमची टाकी 2019 पर्यंत एकदाही उपसली नव्हती. शोषखड्ड्यापासून आड किती लांब, तर 22 फूट. मी नंतर टेपने मोजले. निदान पन्नास फूट तरी हवे, असे जाणकार सांगतात. आमच्या गल्लीत पन्नास फुटांत तीन घरांचे तीन आड आणि तीन शोषखड्डे येतात!

2019 चा ऑगस्ट बेळगावकर विसरलेले नाहीत. पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. आडाचे पाणी इतके वर आले की वाकून तांब्याने घ्यावे. म्हणजे शोषखड्डा तेव्हा पाण्यातच बुडालेला होता, तो काय शोषणार? संडासातून पाणी उलटे येऊ लागले, परड्यात घोटाभर साचले. नळाचे पाणी त्या दिवसांत वेळेवर येत नव्हते, म्हणून आडाचे पाणी गाळून प्यायलो. उकळले नाही, ही माझी चूक. गणपतीच्या तोंडावर धाकट्या लेकीचे डोळे पिवळे झाले. कावीळ. अशी कावीळ बहुधा दूषित पाण्यातून होते, असे डॉक्टर म्हणाले. आमच्या आडातूनच झाली असे छातीठोकपणे मी सांगणार नाही, पण त्या महिन्यात आमच्या ओळीतल्या आणखी दोन घरांत कावीळ होती आणि दोन्ही घरी आडाचेच पाणी होते.

दसऱ्यानंतर टाकी उपसायला गाडी बोलावली. आमच्या घराशेजारचा बोळ तीन फुटांचा. गाडी रस्त्यावर उभी राहिली आणि तिचा पाइप टाकीपर्यंत पोचेना. गाडीबरोबर विशी-बाविशीचा एक मुलगा होता. तो म्हणाला, "ताई, मी आत उतरून बादलीनं काढतो, वरचे पाचशे द्या." असे म्हणत त्याने चपला काढून भिंतीशी नीट जोडून ठेवल्या आणि तोंडाला टॉवेल बांधला. झाकण उघडेच होते. सुरुवातीला आलेला घाण वास एव्हाना जाणवत नव्हता, त्यामुळे मलाही वाटले, उतरेल बिचारा, पाचशे मिळतील. दारातून सासूबाई ओरडल्या, "उतरू नको रे लेकरा! तुझ्या आईला काय सांगू मी?" तो थबकला. आमच्या ह्यांनी दोन तास फिरून जोडायला जास्तीचा पाइप आणला आणि काम झाले.

अशा टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो हे मला पुढे समजले. थोडा असतो तेव्हा नाकाला झोंबतो, वाढला की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असे मानून उतरलेली माणसे परत येत नाहीत. वाचवायला उतरलेला दुसराही जातो. हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याप्रमाणे सुरक्षासाधनांशिवाय कुणाला गटारात किंवा टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा घरमालकालाही लागू आहे, हे किती जणांना माहीत आहे? असा मृत्यू झाला तर कुटुंबाला 30 लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितले. त्याआधी 10 लाख होते. मला तर त्या भिंतीशी जोडून ठेवलेल्या चपला अजून दिसतात. सासूबाई त्या दिवशी दारात नसत्या तर पाचशे रुपयांत मी एका आईचा मुलगा घालवला असता.

म्हणून ज्यांचे म्हणणे आहे की "आमची टाकी आमच्या जागेत, तुम्हाला काय करायचे", त्यांना मी सांगते की टाकीतले पाणी आपली हद्द ओळखत नाही. खानापूर तालुक्यात माझ्या नणंदेच्या घराला अर्धा एकर परसबाग आहे. तिथे नीट बांधलेली आणि वेळच्या वेळी उपसलेली टाकी चालते, तिला कुणी हात लावू नये. दाटीवाटीच्या गल्लीत ती चालत नाही.

आता जोडणीचे. संडास मागे आणि ड्रेनेजचे चेंबर पुढे रस्त्यावर, म्हणजे पाइप घराच्या पोटातून नेणे आले. आमच्याकडे हे अंतर 46 फूट भरले. चार इंची पाइपाला साठ फुटांत एक फूट उतार द्यावा लागतो, म्हणजे आम्हाला साधारण नऊ इंच. गवंड्याने लेव्हलच्या नळीने तीनदा मापे घेतली. पाइपाची वाट नेमकी मागाखालून जात होती. मागावर साडी अर्धी विणून झालेली. ती तशीच ठेवून माग सोडवला, शहाबादी फरशी उचलली, चर खोदला. सहा दिवस माग बंद. पाइप, दोन चेंबर, गल्ली ट्रॅप (ड्रेनेजचा वास घरात येऊ न देणारा सापळा), मजुरी, फरशी परत बसवणे आणि जुनी टाकी उपसून तिचा तळ फोडून मुरूम भरणे, असे सगळे मिळून 27,000 रुपये लागले. सहा दिवसांची मजुरी बुडाली ती निराळी. भिशी उचलली म्हणून जमले. ज्यांची भिशी आधीच उचलून झाली आहे त्यांनी काय करायचे?

समोरच्या काकूंचे तर घरच रस्त्यापेक्षा दीड फूट खाली गेले आहे. दर वेळी जुना रस्ता न खरवडता त्यावर नवा थर चढवला, त्याचा हा परिणाम. त्यांचे पाणी उताराने चेंबरमध्ये जाऊच शकत नाही, पंप बसवावा लागेल. पंपाचा खर्च आणि वीजबिल त्या एकट्या बाईने का सोसावे? रस्ता त्यांनी उंच केला नाही. आमच्या चेंबरला ठेकेदाराने घराच्या बाजूने तोंडच ठेवले नव्हते, म्हणून नवा रस्ता पुन्हा फोडावा लागला. अशा कारणांनी आमच्या 31 घरांपैकी आजवर 9 घरेच जोडली गेली आहेत. बाकीच्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण प्रत्येक घराची अडचण निराळी आहे आणि ती दाराशी जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. गल्लीकरांनाही एक विनंती आहे. गच्चीच्या पावसाचे पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडू नका. मैल्याची लाइन पावसाच्या पाण्यासाठी केलेली नसते. ती तुंबली की खालच्या घरांत उलटते. आपल्या ओळीत दोघांनी हे केले आहे, ते स्वतःला ओळखतील.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लिहायला बसले, ती सांगते. माझे माहेर बेळगावजवळच्या हलगा गावचे. भाऊ भातशेती करतो. बळ्ळारी नाला आमच्या वडगावच्या शिवारातून तिकडेच जातो. बेळगावचा बासमती म्हणून जो नावाजला तो याच शिवारांतला. शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे या नाल्यात येत आले आहे आणि दर पावसाळ्यात तो फुगून भातात शिरतो. लावणीच्या दिवसांत मी माहेरी गेले की भावजयीचे पाय बघते. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, वर पिंढरीपर्यंत खाजवून लाल झालेले. रात्री हळद-तेल लावून बसते आणि सकाळी पुन्हा त्याच पाण्यात उतरते. आमची जोडणी झाली ते मी आनंदाने भावाला फोनवर सांगितले. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "अक्का, बरं केलंस. पण तुमच्यातलं पाणी आता आमच्याकडंच येणार की गं?"

मला उत्तर देता आले नाही. सासरचे परडे स्वच्छ व्हावे म्हणून मी माहेरच्या शेतात घाण सोडली असेल, तर माझे 27,000 कुठल्या कामाचे? मैलापाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पासाठी हलग्याच्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. त्यावरून आंदोलने झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, पिकाऊ जमीन गेली. त्यांनी एवढी किंमत मोजली आहे, तर निदान त्यांच्या नाल्यात स्वच्छ पाणी यायला हवे. म्हणून घरांवर सक्ती करताना तेवढीच सक्ती पाइपाच्या दुसऱ्या टोकावरही असावी. प्रकल्पात रोज किती पाणी आले, किती शुद्ध होऊन बाहेर पडले, तपासणीत काय आढळले, हे दर महिन्याला हलग्याच्या पंचायतीबाहेर आणि आमच्या वॉर्डात फलकावर लागू द्या. ज्या गल्लीचे पाणी अजून प्रकल्पापर्यंत पोचत नाही, तिथे आधी लाइन पुरी करा, मग घरमालकाला मुदत द्या. राज्याच्या विधिमंडळाचे अधिवेशन भरते ते सुवर्ण विधानसौध हलग्याच्याच बाजूला आहे. अधिवेशनाला येणाऱ्या आमदारांनी एकदा त्या बांधावर उभे राहून यावे.

जोडणीचा खर्च घरपट्टीतून हप्त्याहप्त्याने घेता येईल. विणकराला महिन्याला पाचशे-सातशे जमतात, एकदम सत्तावीस हजार जमत नाहीत. रस्ता उंच झाल्याने ज्यांना पंप लागणार आहे, त्यांचा पंप सरकारी खर्चाने बसावा. आणि नोटीस काढाल ती कन्नडबरोबर मराठीतही काढा. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून जास्त असतील तिथे सूचना त्यांच्या भाषेतही असाव्यात, हे केंद्राने फार पूर्वीच मान्य केले आहे. आमच्या सासूबाईंसारख्या बायकांना कन्नड बोलता येते, बाजार करता येतो, पण वाचता येत नाही. नातू शाळेतून येईपर्यंत कागद देवळीत पडून राहतो आणि तेवढ्यात मुदत संपते.

जोडणी कशी करायची, उतार किती, चेंबर कुठे, हे ज्यांना डोळ्यांनी पाहायचे आहे त्यांनी आमच्या घरी यावे. मागाशेजारची एक फरशी मुद्दाम सिमेंट न लावता नुसती बसवली आहे, ती उचलून पाइप दाखवीन. सोमवारी माग बंद असतो, तेव्हा आलात तर बोललेले ऐकूही येईल.

आपली,
एक विणकर गृहिणी,
वडगाव, बेळगाव