अमेरिकेला आता कोण विचारतंय?

फिलाडेल्फिया
7 डिसेंबर 2025

तीर्थस्वरूप आबा यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "अमेरिकेला आता कोण विचारतंय?" मी तोंड उघडायच्या आत आजीने फोन घेतला आणि विषय थेट कढीपत्त्यावर गेला. म्हणून हे पत्र.

आधी दिवाळीचं सांगते. 'ऑफिसात काम आहे' ही थाप होती. 19 सप्टेंबरला इथे परदेशी नोकरदारांना लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर 1 लाख डॉलर शुल्क जाहीर झालं, अंमल 21 पासून. ते कुणाला लागू आणि कुणाला नाही, हे सुरुवातीला कुणालाच धड सांगता येईना. सुट्टीवर गेलेले लोक मिळेल त्या विमानाने परत निघाले. आम्हाला निरोप आला, देशाबाहेर पाऊल टाकू नका. आधीपासून व्हिसा असणाऱ्यांना ते लागू नाही हे कळेपर्यंत मी तिकीट रद्द करून बसले होते. आजीला यातलं काही सांगू नका.

काकांच्या कारखान्यात टॉवेलची एक पाळी बंद झाल्याचं पिंटूने कळवलं. ऑगस्टअखेरपासून आपल्या बहुतेक मालावर इथे 50 टक्के आयात शुल्क आहे. त्यातलं निम्मं, आपण रशियाचं तेल घेतो म्हणून. तेल घेतलं कुणी आणि माग थांबला कुणाचा! इथल्या दुकानात टॉवेलची चिठ्ठी उलटून 'मेड इन इंडिया' बघायची मला सवय लागली आहे. विकत घेत नाही, नुसती बघते.

आता तुमचा प्रश्न. काल शनिवारी बाजारपेठेच्या रस्त्यावर, मार्केट स्ट्रीटला, गेले होते. पुढच्या 4 जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला 250 वर्षं होतील, तो इथेच मंजूर झाला. त्याचा मसुदा, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसनने याच रस्त्यावर, सातव्या गल्लीच्या कोपऱ्यावर भाड्याच्या खोल्यांत बसून लिहिला. सगळी माणसं समान जन्माला येतात, हे त्यातलं वाक्य तुम्ही आम्हाला शाळेत तोंडपाठ करायला लावलं होतं. ते लिहिलं जात असताना जेफरसनच्या हाताखाली रॉबर्ट हेमिंग्ज नावाचा 14 वर्षांचा पोरगा राबत होता. त्याचा गुलाम. आणि नात्याने बायकोचा सावत्र भाऊ.

तिथून एक चौक पुढे सहाव्या गल्लीशी राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनचं घर होतं. घर पाडलं गेलं, पण खणल्यावर पाया सापडला, तो काचेखाली दिसतो. शेजारच्या दगडी भिंतीवर त्या घरातल्या नऊ गुलामांची नावं कोरली आहेत. हातमोजा काढून एका नावावरून बोट फिरवलं, दगड बर्फासारखा गार. ओनी जज. ही वॉशिंग्टनच्या बायकोची दासी.

पेनसिल्व्हेनिया या इथल्या राज्याचा 1780 चा कायदा असा होता, की बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने इथे राहिला तर तो सुटका मागू शके. म्हणून वॉशिंग्टन सहा महिने भरायच्या आत आपल्या गुलामांना राज्याबाहेर पाठवून पुन्हा आणवत असे. कागद सांभाळायची ही रीत तुम्हाला नवी नसेल. कूळकायद्याच्या वेळी आपल्याकडे काय काय झालं ते तुम्हीच सांगायचा.

मे 1796 मध्ये घरचे जेवायला बसले असताना ओनी दारातून निघून गेली, जहाजाने न्यू हॅम्पशरला पोचली. तिला परत आणायचे प्रयत्न झाले, पेपरात जाहिरातही आली. पुढे तिने दारिद्र्य सोसलं, नवरा आणि मुलं तिच्याआधी गेली. म्हातारपणी तिला कुणी विचारलं, पश्चात्ताप होतो का? ती म्हणाली, नाही, मी मोकळी आहे. 1848 मध्ये गेली तेव्हाही कायद्याने ती पळालेली गुलामच होती.

या भिंतीला लागूनच स्वातंत्र्याची ती तडकलेली घंटा आहे. लोकांची रांग तिच्यासाठी. तिला 'लिबर्टी बेल' हे नाव चिकटलं ते गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांमुळे, हे मला इथे येऊन कळलं. आणि आता या जागेवरचे गुलामगिरीचे फलक ठेवायचे की नाहीत, याची सरकारी छाननी चालू आहे.

तुमच्या पिढीने अमेरिका कधीच एका रंगाची पाहिली नाही. 1966 च्या टंचाईत पी. एल. 480 या अमेरिकेच्या मदत-कायद्याखाली गहू यायचा, मिलो ही तांबडी ज्वारी यायची. आजी म्हणते, तिची भाकरी थापताना कडा फाटायच्या. व्हिएतनामवरून आपण बोललो म्हणून त्यांचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी धान्याची जहाजं हात राखून सोडली, हे तुम्हीच सांगितलं होतं. पाच वर्षांनी, बांगलादेश युद्धात, बंगालच्या उपसागरात त्यांची 'एंटरप्राइज' ही विमानवाहू नौका आली. म्हणजे धान्यही त्यांचं आणि धाकही त्यांचाच. यंदा जुलैत मदत वाटणारं ते 'यूएसएड' खातंच गुंडाळलं. 1961 मध्ये केनेडीने सुरू केलेलं. धाक मात्र आहे तसाच आहे, म्हणून तुमचा प्रश्न मला अर्धाच पटतो. विचारतात, आबा. पण पूर्वी आशेने विचारायचे, आता दर काय लावलाय ते विचारतात.

तरी भिंतीपाशी उभी असताना मला जोतीराव आठवले. त्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांची मुक्तता केली म्हणून. तिथल्या सरकारला नाही, कुणा राष्ट्राध्यक्षाला नाही. पुण्यात बसून त्यांना हा फरक इतका नेमका कसा कळला, याचं मला कालपासून नवल वाटतंय. त्या लोकांत मी मनातल्या मनात ओनीला धरते. तुम्ही म्हणाल, पोरगी वाहवत चालली. चालेल.

तुमच्या कपाटातल्या प्रतीतल्या अर्पणपत्रिकेच्या पानाचा फोटो पिंटूला काढून पाठवायला सांगा. पान सुटं झालंय, जपून उघडायला सांगा. आणि आजीला म्हणावं, कढीपत्ता धुऊन पुसून कागदात गुंडाळला तर पंधरा दिवस टिकतो.

आपली नात,
मनू