बातमी कुठे संपली, ते सांगत नाहीत

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय विलास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्रकारितेच्या वर्गातल्या मुलांचा प्रश्न तू माझ्याकडे पाठवलास, हे बरं केलंस. अमेरिकेतल्या वाहिन्या तरी बातमी आणि मत वेगळं ठेवतात का? कागदावर ठेवतात. पडद्यावर मात्र फरक कळायला मार्ग नसतो, आणि माझा राग त्यावर आहे.

फॉक्स न्यूज घे. संध्याकाळी सहाला बातमीपत्र, आठनंतर मतांचे कार्यक्रम. कंपनीत दोन्ही विभाग वेगळे. पण बघणाऱ्याला दोन्हीकडे तेच बोधचिन्ह दिसतं, तसाच सूट घातलेला निवेदक दिसतो आणि खाली तशीच पट्टी. 'आता इथून पुढे माझं मत' असं कोणी म्हणत नाही.

२०२० च्या निवडणुकीत काय झालं ते मुलांना नीट सांग. ३ नोव्हेंबरच्या रात्री फॉक्सच्याच निकाल विभागाने ॲरिझोना बायडेन यांच्याकडे गेल्याचं सर्वांआधी जाहीर केलं. अंदाज बरोबर ठरला. साडेदहा हजारांच्या आसपास मतांनी का होईना, ते राज्य बायडेन यांनीच जिंकलं. पण फॉक्सचे बहुतेक ट्रम्पसमर्थक प्रेक्षक भडकले आणि न्यूजमॅक्स या स्पर्धक वाहिनीकडे वळू लागले. त्या विभागातल्या ख्रिस स्टायरवॉल्ट याला जानेवारीत घरी पाठवलं. कंपनीने पुनर्रचनेचं कारण दिलं.

त्याच दिवसांत जॅकी हाइनरिक या फॉक्सच्याच वार्ताहर मुलीने ट्रम्प यांचा मतदान यंत्रांनी मतं फिरवल्याचा दावा ट्विटरवर तपासून खोडून काढला. वार्ताहराचं कामच ते. फॉक्सवर तेव्हा मतांचा कार्यक्रम करणाऱ्या टकर कार्लसन यांनी सहकारी निवेदकांना मेसेज केला की हिला कामावरून काढा, कंपनीचं नुकसान होतंय, शेअरचा भाव पडलाय. सकाळपर्यंत ट्विट गायब. तिची नोकरी वाचली, एवढंच समाधान. हे सगळं बाहेर आलं ते डोमिनियन या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने फॉक्सवर बदनामीचा खटला भरला म्हणून. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजून तो मिटवला. मला त्या रकमेपेक्षा तो मेसेज जास्त बोचतो. बातमी खरी होती, हे त्या इमारतीत सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी अडचण बातमी देणारीची झाली.

आमच्या शेजारी एक निवृत्त इलेक्ट्रिशियन राहतात. भला माणूस, बर्फ पडला की माझ्या दाराशीही फावडं मारून जातात. यंत्रांनी मतं फिरवली, हे त्यांनी मला ठामपणे सांगितलं होतं, 'बातम्यांत दाखवलं' म्हणून. तडजोड झाल्यावर मी विषय काढला. ते म्हणाले, "पैसे देऊन मिटवलं म्हणजे खोटं ठरलं असं कुठे आहे?" न्यायाधीशांनी खटला उभा राहण्याआधीच ते दावे खोटे असल्याचं लिहून ठेवलं होतं. पण ज्या निवेदकांनी रात्रीच्या रात्री ते ऐकवले, त्यांनी त्याच पडद्यावरून माफी मागावी, अशी अट तडजोडीत नव्हती. मग या माणसाला कळणार कुठून?

दुसरी, डेमोक्रॅट्सकडे झुकणारी बाजू धुतल्या तांदळासारखी आहे असं अजिबात समजू नकोस. सीएनएनवर २०२० मध्ये ख्रिस कुओमो स्वतःच्या सख्ख्या भावाची, न्यूयॉर्कच्या गव्हर्नरची, हसतखेळत मुलाखत घेत होता, तेही करोनाने माणसं पटापट मरत असताना. आणि कोर्टातली गंमत नव्हे, शोकांतिका बघ. कार्लसन यांच्यावर बदनामीचा दावा झाला तेव्हा फॉक्सच्या वकिलांनी सांगितलं की सुजाण प्रेक्षक त्यांचं विधान शब्दशः खरं मानणार नाही. एमएसएनबीसीच्या रेचल मॅडो यांच्यावरच्या दाव्यातही बचाव त्याच वळणाचा होता. दोन्ही दावे फेटाळले गेले. कायद्याने ते बरोबर असेलही. मत मांडण्याचं स्वातंत्र्य मलाही हवंच आहे. पण न्यायालयात 'हे मत आहे' म्हणायचं आणि घराघरांत बातमीच्या वेषात जायचं, ही लबाडी आहे.

इथे बरेच जण १९८७ साली रद्द झालेल्या फेअरनेस डॉक्ट्रिनच्या, म्हणजे वादाच्या विषयात दोन्ही बाजू दाखवायला लावणाऱ्या नियमाच्या, नावाने हळहळतात. तो नियम हवेतून प्रक्षेपण करणाऱ्या परवानाधारक केंद्रांना होता. फॉक्ससारख्या केबल वाहिन्यांसाठी तो नव्हताच. बातमीची जागा मताने घेतली, त्याचं खरं कारण खर्चाचं आहे. चार शहरांत वार्ताहर आणि कॅमेरे ठेवायचे तर पैसा ओतावा लागतो; एक टेबल आणि भांडणारे चार पाहुणे स्वस्तात मिळतात आणि प्रेक्षकही खिळून राहतो. त्यात केबलच्या बिलातून प्रत्येक घर या वाहिन्यांना पैसे देतं, बघो वा न बघो.

तुमच्याकडचं मी काय सांगू? जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुशांतसिंह राजपूत प्रकरणात 'मीडिया ट्रायल'वरून वाहिन्यांना फटकारलं, ते तू शिकवत असशीलच. टिळकांनी १८९७ मध्ये 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' असं विचारलं ते अग्रलेखात, उघडपणे, आणि त्याची जबाबदारी अंगावर घेऊन. मत असंच असावं, कडक आणि नावानिशी.

मला एवढंच हवंय की मताचा कार्यक्रम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत पडद्यावर 'मत' असं ठळक लिहिलेलं राहावं. जाहिरातीला 'जाहिरात' लिहायला लावतो, मग याला का नाही?

मुलांना एक काम दे. रात्री नऊची कोणतीही एक चर्चा अर्धा तास बघायला सांग, आणि निवेदकाचं प्रत्येक वाक्य वहीत दोन रकान्यांत टाकायला सांग: तपासता येईल असं, आणि न येणारं. पाहुण्यांचं सोडून द्या, फक्त निवेदकाचं. मी इथे आमच्या मराठी मंडळातल्या पोरांकडून अमेरिकन वाहिन्यांचं तसंच करून घेतो. वह्यांचे फोटो पाठव, मीही पाठवतो.

वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग.

तुझा,
श्रीकांत