आपल्या भिंतींचा भूगोल ऐच्छिक तरी ठेवा

महोदय,

माझी नात पुण्याला एका आंतरराष्ट्रीय शाळेत अकरावीत शिकते. तिच्या बोर्डाच्या, म्हणजे मुले ज्याला ‘आयबी’ म्हणतात त्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या, भूगोलात सात ऐच्छिक घटक आहेत. साध्या पातळीला त्यातले दोन घ्यायचे, वरच्या पातळीला तीन. तिच्या वर्गाला ‘भूभौतिक आपत्ती’ हा घटक आहे: भूकंप, ज्वालामुखी, दरडी. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती उमरग्याला आली तेव्हा मी तिची वही चाळली. निवृत्त झालो तरी मास्तरकीची खोड जात नाही.

वहीत हैती आणि चिली शेजारी शेजारी मांडले होते. दोन्ही भूकंप 2010चे. हैतीचा 7.0 तीव्रतेचा, त्यात लाखाहून अधिक माणसे गेली. चिलीचा 8.8चा, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने सुमारे पाचशेपट मोठा, आणि मृत्यू मात्र पाचशेच्या आसपास. खाली तिने लाल शाईने लिहिले होते, ‘माणसे भूकंपाने नाही, घराने मरतात.’ मी बरोबरची खूण करणार, तोच तिने विचारले, “आजोबा, आपला किल्लारीचा किती होता?”

वहीत किल्लारी नव्हते. यात अभ्यासक्रमाचा दोष नाही. उदाहरणे कुठली घ्यायची, हे तिथे शिक्षकावर सोडलेले असते. पुण्याहून किल्लारीपेक्षा हैती जवळ पडते, एवढेच.

मी सांगितले, 6.2, कुणी 6.4 धरतात. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक उशिरा निजलेले. आमच्या घरात आधी आवाज आला, मालट्रक अंगणात शिरावा तसा, आणि मग फळीवरची भांडी खाली आली. आमच्या दुपदरी दगडी भिंतीचा बाहेरचा पदर ढासळला, आतला राहिला, म्हणून हे पत्र लिहितो आहे. किल्लारी, सास्तूरकडे दोन्ही पदर आले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे गेली.

नातीला मी एक गोष्ट सांगितली नाही, ती इथे लिहितो. त्याच वर्षी जून-जुलैत मी वर्गात शिकवले होते की दख्खनचे पठार हा कठीण, स्थिर भूभाग आहे, इथे मोठ्या भूकंपाची भीती नाही. देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशातही आमचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. पण आदल्या वर्षी, 1992 साली, किल्लारी परिसरात धक्के बसले होते आणि लोक रात्री बाहेर झोपत होते. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “गुर्जी, मग मागल्या साली जमीन कशानं हालली?” मी पुस्तकात पाहून उत्तर दिले, आणि पुस्तकात ते नव्हते. तो मुलगा आता पंचेचाळिशी ओलांडलेला आहे. लातुरात त्याचे दुकान आहे. भेटला की हसत हसत तोच प्रश्न विचारतो. नकाशातले ते पहिले क्षेत्र 2002 साली काढून टाकले आणि आम्ही तिसऱ्यात आलो. जमीन तीच होती.

आमच्याकडची माळवदाची घरे कशी असत, ते पाहिलेले लोक आता कमी होत चाललेत. दगड-मातीची जाड भिंत बाहेरून अखंड दिसे, पण असे दोन पदरांची. मधल्या पोकळीत चिपा आणि माती. दोन्ही पदरांना बांधणारा लांब दगड क्वचितच घातलेला. वर लाकडावर मातीचे छप्पर, आणि गळू नये म्हणून दरवर्षी मृगाआधी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर. जुना काढत नसत. बापाने टाकलेल्या थरावर मुलगा थर टाकी, आणि भिंतीवरचे ओझे वाढत जाई. उन्हाळ्यात असले गार घर दुसरे नाही, हेही खरे.

आता मुद्दा. राज्याचा अभ्यासक्रम नव्याने आखला जात आहे. अशा वेळी ‘हा विषय सक्तीचा करा’ अशी पत्रे आपल्याकडे येत असतील. माझी मागणी उलटी आहे. सक्तीचा केला की त्याचे गाईड निघते, ‘भूकंपाची कारणे लिहा’ हा चार गुणांचा प्रश्न होतो आणि मुले तो पाठ करतात. नववीत अंतर्गत हालचालींचा धडा आहेच. मुलांना भूकंपनाभी आणि अपिकेंद्र यांतला फरक सांगता येतो, पण आपल्या घराच्या भिंतीला मध्ये लांब दगड आहे का, ते माहीत नसते. शिवाय भूगोलाला आपल्याकडे किती मान आहे ते 2020 साली दिसलेच. करोनात दहावीचा नेमका भूगोलाचाच पेपर रद्द झाला, सरासरीने गुण दिले, आणि कुणाला फार हळहळ वाटली नाही.

म्हणून भूभौतिक आपत्ती ऐच्छिक ठेवा, पण उदाहरण आपल्या तालुक्यातले किंवा शेजारचे असावे, ही अट घाला. पाटणच्या मुलांनी 11 डिसेंबर 1967चा कोयनेचा भूकंप घ्यावा, आंबेगावच्यांनी माळीणची दरड, महाडच्यांनी तळीयेची. ज्यांच्याकडे यातले काही नाही त्यांनी नदी किंवा समुद्र असा दुसरा घटक निवडावा. लेखी पेपर नको. आपल्या गल्लीतली दहा घरे बघायची, गवंड्याशी बोलायचे, म्हाताऱ्यांना विचारायचे आणि लिहून आणायचे.

हे जुन्या आठवणींचे उमाळे नाहीत. 2024च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैत हिंगोली-नांदेडकडे 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. तेव्हा पत्र्यांवर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड खाली उतरवा, असे प्रशासनाला लोकांना सांगावे लागले. हे सांगायला नववीतला मुलगा पुरतो. मात्र वाऱ्यात पत्रा उडू नये म्हणून दगडाऐवजी काय करायचे, हेही त्याला सांगता आले पाहिजे, नाहीतर बाप दगड पुन्हा वर ठेवणार.

नात दिवाळीला पुन्हा येणार आहे. आमच्या जुन्या घराची एक खोली अजून उभी आहे, तिची भिंत मोजायची असे तिने ठरवले आहे. मी म्हणालो अडीच फूट असेल. ती म्हणाली, आधी मोजू.

– एक निवृत्त भूगोल शिक्षक, उमरगा, जि. धाराशिव