आकड्यांची शिल्पे : प्रमाण आधी ठरवा

संपादक महोदय,

आकडेवारीवरून घडवलेली शिल्पे हल्ली प्रदर्शनांतून बरीच मांडली जातात आणि लोक ती आवडीने पाहतात. आम्हा घडवणाऱ्यांना याचा आनंदच आहे. मात्र त्यातल्या अनेकांजवळ प्रमाण, म्हणजे आकड्याच्या एका एककाला किती लांबी घेतली ते, लिहिलेले नसते. शिल्पाचा तळ शून्यावर आहे की मध्येच कुठे, तेही कळत नाही. मग चुकीचा आकडा मनात बसतो, तो कायमचा.

हवाईतील मौना लोआ वेधशाळेतली हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मोजणी पाहा. १९५९ ची वार्षिक सरासरी सुमारे ३१६ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३१६ भाग), २०२४ ची ४२४ च्या थोडी पुढे. (मोजणी मार्च १९५८ पासूनची; ते वर्ष अपुरे असल्याने सरासरीत धरू नये.) दर वर्षाची एक उभी फळी आणि तिची उंची दर पीपीएमला ५ मिमी घेतली तर पहिली फळी १.५८ मीटर आणि शेवटची २.१२ मीटर होते. तळ ३०० पीपीएमवर कापला, तर त्याच फळ्या ८ आणि ६२ सेंमीच्या उरतात आणि बघणाऱ्याला वाढ जवळजवळ आठपट वाटते. प्रत्यक्षात ती एक तृतीयांशाच्या आसपास आहे. शून्यापासून घडवले तरी ५४ सेंमीचा चढ लांबूनही ठळक दिसतो. मग तळ कापायचा कशाला?

गोलांचे तर विचारूच नका. आकडा आठपट म्हणून व्यास आठपट केला, तर घनफळ ५१२ पट होते. घनमूळ काढून व्यास दुप्पट ठेवला तर हिशेब बरोबर, पण डोळ्याला आठपट जाणवत नाही, कारण घनफळाचा अंदाज माणूस बहुधा कमीच करतो. संख्या दाखवायची तर लांबी किंवा उंचीच वापरावी.

प्रमाण ठरल्यावर साहित्य फसवते. १८ मिमी म्हणून विकले जाणारे प्लायवूड पुष्कळदा साडेसतरा मिमीच भरते. ६६ वर्षांच्या ६६ फळ्या एकीला एक चिकटवल्या की ३३ मिमीचा फरक साठतो, म्हणजे बैठकीवर कोरलेली सालं शेवटी जवळपास दोन वर्षांनी सरकतात. म्हणून फळ्या चिकटवू नयेत. बैठकीत दर २० मिमीला खाच पाडावी आणि वॉशर घालून आटे असलेल्या सळईवर त्या ओवाव्यात. त्यामुळे दहा वर्षांचे अंतर बरोबर २०० मिमी राहते आणि प्रत्येक फळीची चूक तिच्यापुरतीच उरते. वजनही आधी काढावे. ३० सेंमी रुंदीच्या भरीव फळ्यांचे हे शिल्प ४०० किलोच्या पुढे जाते. कडेची ६० मिमी चौकट ठेवून मधला भाग कापून टाकला, तर वजन निम्म्याहून कमी होते. तरी सळया बैठकीलाच आवळाव्यात, कारण लोक टेकतात आणि मुले ओढतात. थ्रीडी प्रिंटसाठी वापरले जाणारे पीएलए हे प्लॅस्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. काचेआड उन्हात ते ठेवू नये.

नोंदीतल्या खंडाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. मौना लोआतली मोजणी १९६४ मध्ये काही महिने बंद होती आणि २०२२ च्या अखेरीस ज्वालामुखीच्या उद्रेकाने पुन्हा थांबली. त्या वर्षांच्या फळ्या इतरांसारख्याच गुळगुळीत करून उभ्या करणे योग्य नाही. लाकूड निराळे वापरावे किंवा कडेला हाताला लागेल अशी खाच ठेवावी, म्हणजे दृष्टिहीन प्रेक्षकालाही ते कळेल. याच कारणासाठी धारा २ ते ३ मिमी गोल घासाव्यात. जिथे स्पर्श अपेक्षित आहे तिथे प्रमाण निम्मे, पीपीएमला अडीच मिमी, ठेवावे. मग शेवटच्या फळीचा माथा १.०६ मीटरवर येतो आणि चाकाच्या खुर्चीतूनही हात पोहोचतो.

आयोजकांना विनंती आहे की शिल्प स्वीकारतानाच त्याची पाटी मागावी. प्रमाण, तळाचा आकडा, नोंदीचा स्रोत आणि ती उतरवून घेतल्याची तारीख, गाळलेली वर्षे, हे सारे ब्रेलसह त्यावर असावे आणि ती शिल्पाच्या बैठकीलाच पक्की बसवलेली असावी. भिंतीवर लावलेली पाटी दुसऱ्या प्रदर्शनात शिल्पाबरोबर जात नाही.

आपला विश्वासू,
एक शिल्पकार